परसाचें पंचांग

‘फांटा’ हा शब्द मराठींत झाडाला लागतो, नदीला लागतो आणि रस्त्यालाहि लागतो. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील वारंगा फाटा हें ठिकाण ह्या तिसऱ्या अर्थानें प्रसिद्ध आहे. अकोल्याहून वाशीम-हिंगोलीवरून नांदेडकडे उतरणारा हमरस्ता आणि तुळजापूर-लातूरकडून नांदेडवरून यवतमाळ-नागपूरकडे जाणारा हमरस्ता, हे दोन्ही येथें एकमेकांस भेटतात. ज्या प्रवाशांनीं येथें गाडी थांबवून गरम खिचडी खाल्ली असेल त्यांना ह्या जागेची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु श्रोतेहो, आज मला बोलावयाचें आहे तें रस्त्याच्या फांट्याविषयीं नव्हे, झाडाच्या फांट्याविषयीं. अशा नाक्याच्या गांवीं सिमेंटचीं नवीं घरें उठतात, घरापुढें चार हात मोकळी जागा राहते, आणि त्या जागेंत काय लावावें व केव्हां लावावें हा प्रश्न घरांत निघतो. उत्तर देण्यास दोघेजण नेहमींच तयार असतात : एक भिंतीवरचें पंचांग, आणि दुसरा रोपें विकणारा. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, ह्या दोघांच्या आधीं परसाच्या इतिहासाला विचारावें. तो ह्या दोघांहून अधिक विश्वासू सल्लागार आहे.

प्रथम जुनें घर डोळ्यांपुढें आणूं. मराठवाड्यांतील जुनें घर म्हणजे जाड भिंतींचें, माळवदाचें घर. पुढें ओसरी, मध्यें चौक, चौकांत तुळशीवृंदावन आणि मागें परस. परसांत आड, आडाशेजारीं न्हाणी, आणि न्हाणीच्या मोरीचें पाणी जेथें जिरे तेथें बाग. ही बाग कोणी कागदावर आंखलेली नसे. जेथें सतत ओल तेथें आळू, कर्दळ आणि केळ. त्याच्या पलीकडे, जेथें निम्मी ओल पोंचते तेथें वांगीं, मिरचीचीं चार झाडें, हळदीचा लहानसा वाफा. आणि जेथें मोरीचें पाणी पोंचतच नाहीं तेथें शेवगा, कडुलिंब, सीताफळ. झाडांची ही पंगत पाण्याच्या मानानें बसविलेली असे, आणि ती बसविणारी असे घरांतील बाई. शेताचा सारा, विहिरीच्या पाण्याची पाळी, आमराईचा वांटा ह्यांच्या नोंदी जुन्या दप्तरांत सांपडतात. परसाची नोंद क्वचितच सांपडते. म्हणून परसाचा इतिहास लिहावयाचा तर कागदांवर अवलंबून भागत नाहीं. झाडांचीच साक्ष काढावी लागते.

पहिली साक्ष गणपतीच्या पत्रीची. भाद्रपद चतुर्थीला जीं एकवीस पानें वाहण्याची चाल आहे तीं आठवून पाहा : दूर्वा, बेल, शमी, आघाडा, माका, धोतरा, कण्हेर, डोरली, रुई, केवडा, डाळिंब, मरवा, जाई, बोर, तुळस, पिंपळ इत्यादि. त्यांत हिमालयांतला देवदारहि आहे, आणि तो हिंगोलींत कोठून आणावा हा प्रश्न यादी करणाराला पडलेला दिसत नाहीं. तें असो. ह्या यादींत एकहि वनस्पति पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली नाहीं. याचा अर्थ ही यादी सोळाव्या शतकापूर्वींच्या वनस्पतींची आहे आणि पुढें तिचें दार बंद झालें. आतां दसऱ्याकडे वळा. झेंडूवांचून आपल्याकडे दसरा होत नाहीं. दाराचें तोरण झेंडूचें, यंत्राला हार झेंडूचा, मोटारीला माळ झेंडूची. आणि हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. म्हणजे देवाच्या पानांचें दार बंद राहिलें, पण फुलांचें दार सताड उघडें होतें. एकाच घरांतले, एक-दीड महिन्याच्या अंतरानें येणारे हे दोन सण. पण त्यांच्या सामानांत निदान चार शतकांचें अंतर आहे.

परसांतल्या पाहुण्यांची मोजदाद करूं लागलों तर यजमानांपेक्षां पाहुणेच अधिक भरतात. पेरू, पपई, सीताफळ, रामफळ, लाल भोपळा, बटाटा, टोमॅटो, श्रावण घेवडा, हे सगळे अमेरिकेचे. निशिगंध मेक्सिकोचा. बोगनवेल ब्राझीलची. कृष्णकमळ दक्षिण अमेरिकेचें. सदाफुली मादागास्करची. देवळाच्या अंगणांत हमखास दिसणारा पांढरा चाफा अमेरिकेचा. आपला खरा चाफा तो सोनचाफा. गुलबाक्षी अमेरिकेची, नांव मात्र फारशी : ‘गुले अब्बास’चें मराठी तोंडांत झालेलें रूप. नांवांच्या बाबतींत आपल्या लोकांनीं केवढी मौज केली आहे पाहा. समुद्रापलीकडून आलेल्या एका फळाला सीतेचें नांव दिलें, त्याच्या भावंडाला रामाचें, आणि पुढें लक्ष्मणफळ व हनुमानफळ करून सारें कुटुंब पुरें केलें! एकदां रामायणांतलें नांव मिळाल्यावर त्या झाडाला परकें कोण म्हणणार? बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर सीताफळ असें रुजलें आहे कीं तें रानांतलेंच वाटावें.

दुसरी साक्ष मिरचीची. सोलापूर जिल्ह्यांतील अरण गांवचे संत सांवता माळी इ. स. १२९५ मध्यें समाधिस्थ झाले. नामदेवांचे ते समकालीन. आणि नामदेवांचें जन्मस्थान म्हणून ज्या नरसीचें नांव घेतलें जातें ती नरसी ह्याच हिंगोली जिल्ह्यांत, कयाधूच्या कांठीं आहे. ज्या प्रसिद्ध अभंगांत सांवतोबांना मळ्यांतील भाजीपाल्यांतच विठाई दिसते, त्यांत कांदा-मुळ्याच्या जोडीला मिरचीचेंहि नांव येतें. पण मिरची ही अमेरिकेची वनस्पति. ती सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वीं आपल्या स्वयंपाकांतला तिखटपणा मिरें, पिंपळी आणि आलें ह्यांचा होता. मग तेराव्या शतकांतल्या माळ्याच्या मळ्यांत मिरची कशी उगवली? माझ्या मतें उत्तर सरळ आहे. अभंग तोंडोंतोंडीं चालत आला, आणि म्हणणाऱ्यांच्या परसांत जें उगवत होतें तें अभंगांतहि उगवलें. कोणी याला प्रक्षेप म्हणतील. मला तो परसाच्या इतिहासांतला एक मोलाचा दाखला वाटतो. मिरची इतकी घरची झाली कीं ती नसलेला मळा लोकांना कल्पनेंतहि आणतां येईना.

येथवर झाडांचें झालें. आतां वेळापत्रकाकडे येऊं. कारण रोप विकत मिळतें, वेळ विकत मिळत नाहीं.

बागेच्या ऋतुमानाचा जुना व पद्धतशीर विचार वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत सांपडतो. हा ज्योतिषी सहाव्या शतकांतला, अवंती प्रांतांतला. त्याच्या वृक्षायुर्वेदाच्या प्रकरणांत पाणी घालण्याचा नियम आहे तो असा : उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यांत एक दिवसाआड, आणि पावसाळ्यांत माती सुकलेली दिसेल तेव्हांच. पंधराशें वर्षें झालीं, पण कुंडींतल्या तुळशीलासुद्धां याहून चांगला नियम कोणी सांगितला आहे असें मला वाटत नाहीं. दुसरें त्याचें सांगणें असें कीं, मऊ जमिनींत आधीं तीळ पेरावे आणि ते फुलांवर आले कीं तेथेंच मातींत तुडवावे. मग झाडें लावावीं. आज ह्यालाच आपण हिरवळीचें खत म्हणतों आणि तिळाच्या जागीं ताग किंवा धैंचा घालतों. झाडांतलें अंतरहि तो देतो : वीस हात उत्तम, सोळा हात मध्यम, बारा हात कनिष्ठ. तीस फूट रुंद प्लॉटावर घर बांधून उरलेल्या पट्टींत आंबा, जांभूळ, फणस आणि नारळ असे चौघे ओळीनें उभे करणाऱ्या गृहस्थांनीं हे आंकडे एकदां दोरीनें मोजून पाहावे. बारा हात म्हणजे अठरा फूट. आणि तेंहि कनिष्ठ!

पण वराहमिहिराचा प्रत्येक नियम डोळे मिटून पाळावा असें मी म्हणणार नाहीं. ज्या रोपांना अजून फांद्या फुटल्या नाहींत तीं शिशिरांत लावावीं, असें तो म्हणतो. शिशिर म्हणजे आपला माघ-फाल्गुन. मराठवाड्यांत त्या वेळीं लावलेलें कोंवळें रोप दीड-दोन महिन्यांत चैत्र-वैशाखाच्या तोंडीं सांपडतें, आणि तेव्हां आडाला पाणी नसतें. आपल्या मुलखांत खोड धरलेलें असो वा नसो, फळझाडाला पावसाळ्याचाच आरंभ मानवतो. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर ह्यानें मानसोल्लास रचला. मराठवाड्याच्या बऱ्याच भागावर ह्याच घराण्याचें राज्य होतें. त्या ग्रंथांतहि उद्यानाचा विचार आहे, परंतु तें राजाच्या क्रीडेचें उद्यान. त्यांत मोरीच्या पाण्याला जागा नाहीं, म्हणून आपण त्याला नमस्कार करून पुढें जाऊं.

वेळापत्रकाचा खरा प्रश्न नक्षत्रांचा आहे, आणि येथें थोडें सावकाश बोललें पाहिजे. सूर्य मृग नक्षत्रांत गेला म्हणजे पेरणीचे दिवस आले, असें आपण लहानपणापासून ऐकतों. हल्लीं सूर्य ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृगांत जातो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मोसमी पाऊस मराठवाड्यांत पोंचतो. म्हणून हा मेळ अनादि आहे अशी आपली समजूत होते. तो अनादि नाहीं. वराहमिहिर स्वतःच सांगतो कीं, पूर्वीं दक्षिणायन आश्लेषेच्या मध्यापासून होत असे, आणि त्याच्या काळीं तें कर्क राशीच्या आरंभीं, म्हणजे पुनर्वसूच्या शेवटच्या चरणाशीं होतें. आज तेंच दक्षिणायन २१ जूनच्या सुमारास होतें तेव्हां सूर्य आर्द्रा नक्षत्राच्या उंबरठ्यावर असतो. अयनबिंदु मागें सरकतो त्याची ही गति सुमारें ७२ वर्षांस एक दिवस इतकी मंद आहे. पण पंधरा शतकांत तिचे वीस-एकवीस दिवस होतात. याचा हिशेब उलटा मांडला तर काय दिसतें? वराहमिहिराच्या काळीं सूर्य मृगांत शिरे तो ऋतूच्या मानानें मेच्या मध्यास, ऐन तापलेल्या वैशाखवणव्यांत. सांवतोबांच्या काळीं मेच्या अखेरीस. शिवकाळांत जूनच्या अगदीं आरंभीं. म्हणजे मृग आणि पाऊस ह्यांची जी गांठ आपण पक्की मानतों ती अलीकडच्या कांहीं शतकांतली आहे, आणि तीहि हळूहळू पुढें सरकतेच आहे. कोणत्या नक्षत्राला कोणतें वाहन, बेडूक कीं म्हैस, ह्यावर वाद घालणाऱ्यांनीं आधीं नक्षत्रच जागेवरून हललें आहे हें ध्यानांत घ्यावें.

पावसाच्या बाजूनेंहि तारखा स्थिर नाहींत. हवामान खात्याच्या मोसमी पावसाच्या आगमनाच्या नेहमींच्या तारखा विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवर बसविलेल्या होत्या. त्या २०२० सालीं नव्यानें ठरविण्यांत आल्या. आणि मध्य भारताच्या बऱ्याच ठिकाणीं पावसाच्या परतीची तारीख पूर्वींपेक्षां पुढें गेली. घरच्या बागेला याचा अर्थ असा कीं, नवरात्रांत मेथी-कोथिंबिरीचे वाफे उरकून टाकण्याची जी जुनी घाई, ती आतां परतीच्या सरींत बीं कुजवून बसते. आठ-दहा दिवस थांबलेलें बरें.

मग नक्षत्र नाहीं आणि तारीखहि नाहीं, तर धरावयाचें काय? जुन्या बायकांनीं धरलें तें धरावें : वाफसा. ह्या पट्ट्यांतील माती काळी. दख्खनच्या अग्निजन्य खडकाची झीज होऊन झालेली. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली कीं भेगाळते. उन्हाळ्यांत हात जाईल एवढी भेग पडते. तापल्या जमिनीवर पहिली सर पडली कीं वरची दोन बोटें भिजतात आणि खालीं भट्टी तशीच राहते. तेव्हां रोप लावणें म्हणजे त्याला तव्यावर बसविणें. दोन-तीन चांगले पाऊस व्हावे, भेगा मिटाव्या, मग एक-दोन दिवस उघडीप मिळावी, आणि मातीची मूठ दाबून सोडली असतां गोळा हाताला न चिकटतां सहज फुटावा, तो वाफसा. बोटांना चिखल लागला तर घरांत परत यावें. ही परीक्षा मृगांत साधेल, आर्द्रांत साधेल, एखाद्या वर्षीं पुनर्वसूपर्यंत थांबावें लागेल. झाड मेक्सिकोचें असो कीं कयाधूकांठचें, काळ्या मातीनें त्याला हा एकच नियम लावला आहे. पाहुणे आपापल्या सोयीनें आले. जे ह्या वेळापत्रकांत बसले तेवढेच राहिले.

ह्या वेळापत्रकाला एकदां उलट फिरविण्याचा प्रयत्न झाला, तो साहेबाकडून. हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. अशा छावण्यांतून हिंदुस्थानभर बंगल्यांच्या बागा झाल्या, आणि त्यांच्यासाठीं पुस्तकेंहि निघालीं. फर्मिंजरचें पुस्तक बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठीं होतें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या वुड्रोंनीं आपल्या पुस्तकांत दख्खनकडे लक्ष दिलें. साहेबाची बाग पावसाळ्यांत नव्हे तर पावसाळा संपल्यावर सुरू होई. पिटुनिया, फ्लॉक्स, ॲस्टर, कार्नेशन हीं त्याच्या मायदेशच्या उन्हाळ्याचीं फुलें. आपल्या हिवाळ्यांत त्यांना तसा उन्हाळा सांपडला. आपल्या परसाला हिवाळी फुलांचा ऋतु मिळाला तो ह्या वळणानें. त्याबरोबर हिरवळीचा हट्टहि आला, आणि तो मात्र काळ्या मातीला कधींच मानवला नाहीं. लॉनला वैशाखांत जें पाणी लागतें त्यांत मोरीवरची सारी बाग जगते. ज्या गांवीं मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते तेथें लॉन लावूं नये, असें मी स्पष्टच म्हणतों.

पाणी बदललें कीं परस बदलतो, हें मराठवाड्यानें पुनःपुन्हा पाहिलें आहे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत मलिक अंबरानें खडकी गांवांत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, नहर खेळविली आणि त्या शहराच्या चौकांत हौद आले. आपल्या भागांत बदल आला तो फार उशीरां. निजामाचें राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपलें तोंवर, आणि पुढेंहि कित्येक वर्षें, आड व मोट हाच आधार होता. १९७२ च्या दुष्काळानें आड कोरडे पाडले आणि त्यानंतर गांवोगांव कूपनलिका गेल्या. पैनगंगेवरील इसापूरचें धरण १९८२ सालीं झालें; कळमनुरी, अर्धापूर, हदगांव ह्या पट्ट्यांत कालव्याच्या पाण्यावर केळी व हळद पसरली. वसमतच्या हळदीला तर २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. परसांतल्या मोरीवर हातभर वाफ्यांत लावावयाची हळद शेतांत गेली आणि बाजाराची झाली. परसांत मात्र ती उरली नाहीं, याचें मला वाईट वाटतें. मोरीचें पाणी आतां गटारांत जातें आणि बागेला कूपनलिकेचें पाणी घालतात. त्या पाण्यांत क्षार अधिक, आणि आपल्या मातींत चुनखडी आधींच पुष्कळ. म्हणून ह्या भागांत गुलाब, मोगरा, लिंबू ह्यांचीं कोंवळीं पानें पिवळीं पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक त्याला पाण्याची भूक समजून आणखी पाणी घालतात व दुखणें वाढवितात. ती लोहाची भूक असते. दहा लिटर पाण्यांत ५० ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून सायंकाळीं पानांवर फवारावें, मुळाशीं कुजलेलें शेणखत घालावें, आणि शक्य तर मोगऱ्याला तरी माळवदावरून वा पत्र्यावरून सांठविलेलें पावसाचें पाणी द्यावें.

आणखी एक नवा पाहुणा आहे : काळ्या पिशवींतलें रोप. आंध्रांतील राजमहेंद्रीजवळचें कडियम हें रोपवाटिकांचें मोठें केंद्र. तेथून आणि कोंकणांतूनहि मालमोटारींतून रोपें हमरस्त्यांनीं सर्वत्र जातात, आणि तीं बारा महिने जातात. त्यामुळें रोप मिळालें तीच लावणीची वेळ, अशी नवी रीत पडूं पाहत आहे. हमरस्त्यावरच्या गांवांना हा मोह अधिक. पिशवींतली माती बहुधा लाल. तो लाल गोळा काळ्या मातींत तसाच पुरला कीं उन्हाळ्यांत काळी माती आक्रसून गोळ्यापासून सुटते आणि पावसाळ्यांत तोच गोळा पाण्यानें भरलेल्या वाटींत बसल्यासारखा होतो. मुळें गोळ्याबाहेर येत नाहींत. दोन वर्षें झाड आहे तेवढेंच राहतें, तिसऱ्या वर्षीं वाळतें. यावर उपाय अवघड नाहीं. खड्डा भरतांना काळी माती, थोडी पिशवींतल्यासारखी लाल माती किंवा रेती, आणि शेणखत एकत्र कालवावें. गोळ्याची बाहेरची माती बोटांनीं सैल करून मुळें मोकळीं करावीं. आणि रोप जमिनीच्या पातळीहून वीतभर उंच मातीच्या उंचवट्यावर लावावें. पपईला तर हा उंचवटा हवाच. तिच्या बुंध्याशीं पाणी सांचलें तर ती आठवड्यांत आडवी होते.

बियांच्या बाबतींत आपल्या मुलखाला परकें होण्याचें कारणच नाहीं. निजामाच्या राज्यांत १९१८ सालीं परभणीला शेतकीचें प्रायोगिक क्षेत्र निघालें. १९७२ सालीं तेथें कृषि विद्यापीठ झालें, आणि पुढच्या दशकांत तेथून ‘परभणी क्रांति’ ही भेंडी निघाली. भेंडीचीं पानें पिवळीं जाळीदार होऊन झाड खुरटण्याचा जो रोग, त्याला ही जात त्या काळीं दाद देत नसे. तिची ख्याति महाराष्ट्राबाहेरहि गेली.

फुलांचें वर्षभराचें गणित मी थोडक्यांत सांगतों. दसऱ्याला झेंडू हवा तर दसऱ्याच्या तीन महिने आधीं बीं टाकावें; महिन्याभरानें रोपें उपटून लावावीं आणि पुढें दोन महिन्यांनीं फूल येतें. गुलाबाची छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस हटल्यावर. दीड महिन्यांत नवीं फुलें. मोगऱ्याचें पाणी मार्गशीर्ष-पौषांत तोडावें, माघाच्या सुमारास छाटावा, मग खत-पाणी द्यावें. न छाटलेला मोगरा नुसता पाल्याचा होतो. शेवंतीची गोष्ट निराळी. रात्री मोठ्या होऊं लागल्या कीं तिला कळी धरते. अंधाराचे तास ती मोजते म्हणावयास हरकत नाहीं. म्हणून हमरस्त्याच्या नाक्यावर उंच खांबाचा दिवा ज्या अंगणांत रात्रभर पडतो तेथें शेवंती कळी धरीत नाहीं, किंवा फार उशीरां धरते. आजीच्या हातची शेवंती सुनेच्या हातून फुलत नाहीं असें बोलण्यापूर्वीं रात्रीं बाहेर येऊन दिवा कोठें पडतो तें पाहावें, आणि कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूला न्यावी.

सध्यां वैशाख चालू आहे. फळझाडासाठीं दोन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा ह्याच दिवसांत खणून उघडा ठेवावा, म्हणजे उन्हानें त्यांतली कीड व तणाचीं मुळें जळतात. जुन्या झाडांच्या आळ्यांत पालापाचोळा किंवा ज्वारीच्या कडब्याचे तुकडे पसरावे; पाणी निम्म्यानें वांचतें. हळदीचे निरोगी गड्डे आतांपासून सांवलींत ठेवावे आणि ज्येष्ठांत लावावे. आठ-नऊ महिन्यांनीं पानें वाळलीं कीं खणावे. आणि दोडक्या-कारल्याच्या वेलांसाठीं मांडव आधीं घालून ठेवावा, कारण वेल वर चढूं लागल्यावर खांब पुरणाराच्या पायाखालीं तिचीं मुळें जातात. बीं मात्र वाफसा येईपर्यंत डब्यांतच असूं द्यावें. आदल्या रात्रीं तें पाण्यांत भिजत घालावें आणि सकाळीं आळ्याच्या मध्यावर न टोंचतां कडेच्या उंचवट्यावर दोन-दोन दाणे टोंचावे. आठवड्याभरांत कोंब वर येतो.